रेण्वीय आणि पेशी जीवशास्त्रात पीएच.डी. : एम.एस्सी.नंतरचे वर्ष क्लासमध्ये घालवावे की प्रयोगशाळेत?

अबोली_कोल्हापूर

नमस्कार. मी कोल्हापुरात जीवरसायनशास्त्रात एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. पुढे पेशी जीवशास्त्रात, त्यातही पेशींमधील संदेशवहनावर, पीएच.डी. करण्याची इच्छा आहे. परीक्षा संपल्यावर पुढचे वर्ष मोकळे राहणार, आणि त्या वर्षाचे काय करायचे यावरून घरात दोन तट पडले आहेत. वडिलांच्या मते पुण्यात खोली घेऊन सीएसआयआर-नेटचा (विज्ञानाच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेचा) क्लास लावावा आणि जेआरएफ (त्या परीक्षेतून मिळणारी कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती) पदरात पडेपर्यंत दुसरा विचार करू नये. माझ्या डेझर्टेशनच्या (एम.एस्सी.च्या संशोधन प्रकल्पाच्या) मार्गदर्शक मॅडम म्हणतात की एखाद्या चांगल्या प्रयोगशाळेत वर्षभर प्रकल्प साहाय्यक म्हणून काम करावे आणि परीक्षेचा अभ्यास जोडीने चालू ठेवावा. दोन्ही बाजूंचा अनुभव असलेल्यांनी कृपया लिहावे. परदेशातील पर्यायांबद्दलही वाचायला आवडेल, कारण त्याविषयी इथे ऐकीव माहितीच फार मिळते.

करवीरकर

अबोली, आपल्या वडिलांचे म्हणणे मला पटते आणि त्याची कारणे व्यावहारिक आहेत.

नेटची जीवशास्त्राची प्रश्नपत्रिका 200 गुणांची असते. अ भागात 20 पैकी 15, ब भागात 50 पैकी 35 आणि क भागात 75 पैकी 25 प्रश्न सोडवायचे असतात. क भागातील प्रत्येक प्रश्नाला 4 गुण असल्यामुळे निम्मे गुण त्या 25 प्रश्नांतच असतात, आणि चुकलेल्या उत्तराला एक चतुर्थांश गुण कापले जातात. अभ्यासक्रमात 13 घटक आहेत. जीवरसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याने परिसंस्था, उत्क्रांती, वनस्पतींचे शरीरक्रियाशास्त्र यांना बी.एस्सी.नंतर बहुधा हातही लावलेला नसतो. एवढा पसारा प्रयोगशाळेतून रात्री उशिरा घरी आल्यावर आवरणे बोलायला सोपे आहे.

दुसरी गोष्ट पैशाची. 1 जानेवारी 2023 पासून जेआरएफची रक्कम दरमहा 37,000 रुपये आणि दोन वर्षांनंतर मिळणाऱ्या एसआरएफची (वरिष्ठ अधिछात्रवृत्तीची) 42,000 रुपये झाली आहे. घरभाडे भत्ता वेगळा. ही अधिछात्रवृत्ती आपल्या नावावर असते, मार्गदर्शकाच्या प्रकल्पावर नसते. ज्याच्याजवळ ती आहे त्याला मार्गदर्शक निवडता येतो; ज्याच्याजवळ नाही त्याला प्रकल्पातला निधी संपेपर्यंत जीव मुठीत धरून बसावे लागते. आमच्या बरोबरीच्या कितीतरी हुशार मुलांची पीएच.डी. तिसऱ्या-चौथ्या वर्षी याच कारणाने रखडलेली मी पाहिली आहे.

सूक्ष्मदर्शी

करवीरकरांनी पैशाबद्दल लिहिलेले अक्षरशः खरे आहे आणि नेट द्यावी की नाही हा वादाचा विषयच नाही, ती द्यावीच. मतभेद आहे तो मोकळ्या वर्षाच्या वापराबद्दल. मी कोल्हापुरातच एम.एस्सी. केले, पीएच.डी. पुण्यात केली आणि आता इथे शिकवतो. प्रवेशाच्या मुलाखतींत मी टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसलो आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

जेआरएफ मिळाली म्हणजे प्रवेश मिळाला असे नव्हे. पेशी जीवशास्त्रात काम करणाऱ्या ज्या संस्थांची नावे आपल्या डोळ्यांसमोर असतील, म्हणजे पुण्याचे राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आणि आयसर, मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था, खारघरचे ॲक्ट्रेक, हैदराबादचे सीसीएमबी, बंगळूरचे एनसीबीएस, तिथे नेट, गेट (अभियांत्रिकी व विज्ञान पदवीधरांची परीक्षा) किंवा जेजीईईबिल्ससारखी (जीवशास्त्राच्या पीएच.डी.ची प्रवेशपरीक्षा) परीक्षा ही पहिली चाळणी असते. खरी निवड मुलाखतीत होते. मुलाखतीत तेरा घटकांची उजळणी कोणी घेत नाही. ‘तुम्ही डेझर्टेशनमध्ये काय केले ते फळ्यावर मांडा’ एवढे सांगतात आणि मग त्या एका प्रयोगाची साले काढत बसतात.

एक उदाहरण देतो. समजा, विद्यार्थिनीने वेस्टर्न ब्लॉट (पेशींतले एखादे प्रथिन पट्ट्याच्या रूपात दाखवणारी चाचणी) केला आहे आणि औषध दिल्यावर एखाद्या प्रथिनाचे फॉस्फोरिलीकरण (त्याला फॉस्फेट जोडला जाणे) वाढते असे तिचे म्हणणे आहे. पहिला प्रश्न येतो की फॉस्फोरिलीकरण वाढले की मुळात प्रथिनच वाढले. याचे उत्तर फक्त ॲक्टिनचा (जवळजवळ सर्व पेशींत असणाऱ्या प्रथिनाचा) पट्टा दाखवून देता येत नाही, कारण ॲक्टिनवरून प्रत्येक रकान्यात सारखे द्रावण भरले होते एवढेच कळते. त्या प्रथिनाच्या एकूण प्रमाणाचा ब्लॉट वेगळा लागतो. दुसरा प्रश्न असा की पटल, म्हणजे प्रथिने ज्यावर उतरवतात ते, ब्लॉक कशाने केले, म्हणजे त्यावरच्या मोकळ्या जागा कशाने झाकल्या. दुधाच्या भुकटीने, असे उत्तर आले की लगेच तिसरा प्रश्न येतो की दुधाने का, बीएसएने (गाईच्या रक्तातील अल्ब्युमिन प्रथिनाने) का नाही. दुधातले केसीन हे स्वतःच फॉस्फेट-युक्त प्रथिन आहे, त्यामुळे फॉस्फो-अँटिबॉडी (फॉस्फेट जोडलेले प्रथिन ओळखणारी) वापरताना ते पार्श्वभूमी काळी करू शकते आणि म्हणून बहुतेक जण तिथे बीएसए पसंत करतात. (कोल्हापुरात दुधाला तोटा नाही, म्हणून ते ब्लॉटवर ओतलेच पाहिजे असे नाही.) हे उत्तर पुस्तकातही सापडते. पण ज्याने स्वतः काळाकुट्ट ब्लॉट पाहिला आहे आणि त्याचे कारण शोधत आठवडा घालवला आहे, तो हे ज्या तऱ्हेने सांगतो ती क्लासच्या टिपणांवरून येत नाही. समोर बसलेल्या चार प्राध्यापकांना तो फरक ओळखायला फार वेळ लागत नाही.

म्हणून माझे मत आपल्या मॅडमच्या बाजूने आहे. वर्ष प्रयोगशाळेत घालवावे आणि परीक्षा त्याच वर्षात द्यावी.

शाहूपुरीकर

मी या विषयातला नाही. माझी मुलगी सूक्ष्मजीवशास्त्रात शिकते म्हणून धागा वाचतो आहे. अबोलीच्या वडिलांच्या जागी मी स्वतःला सहज पाहू शकतो, तेव्हा त्यांच्या मनातले प्रश्न मीच विचारतो. पीएच.डी.ला नेमकी किती वर्षे लागतात, त्याला काही कायदेशीर मर्यादा आहे का आणि मध्ये लग्न-बाळंतपण आले तर मुलीचे काम बुडते का? घरातल्या वडीलधाऱ्यांना या प्रश्नांची सरळ उत्तरे कोणी देत नाही. ‘संशोधन आहे, वेळ लागतोच’ एवढ्यावर बोळवण होते.

नदीकाठ

शाहूपुरीकर, नियमांपुरते सरळ उत्तर देता येते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमावलीप्रमाणे कोर्सवर्क धरून किमान 3 वर्षे आणि कमाल 6 वर्षे अशी मुदत आहे. फेरनोंदणी करून आणखी 2 वर्षांपर्यंत वाढ मिळू शकते. स्त्री संशोधकांना त्यावर आणखी 2 वर्षांपर्यंत सवलत आहे, आणि संपूर्ण काळात प्रसूती व बालसंगोपनासाठी 240 दिवसांपर्यंत रजा घेता येते. प्रबंध सादर करण्यापूर्वी शोधनिबंध प्रसिद्ध झालाच पाहिजे ही पूर्वीची देशव्यापी अट त्या नियमावलीत नाही. पेशी जीवशास्त्रात प्रत्यक्षात पाच ते सहा वर्षे धरून चालावे, कारण पेशी आपल्या वेळापत्रकाने वाढत नाहीत.

मुलींच्या बाबतीत एक जुनी गोष्ट आठवते. कमला सोहोनी, तेव्हाच्या कमला भागवत, 1933 मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या तेव्हा सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून त्यांना प्रवेश नाकारला होता. त्या हटून बसल्यावर वर्षभर त्यांचे काम पाहून मगच प्रवेश पक्का करायचा, या अटीवर त्यांना घेतले गेले. पुढे 1939 मध्ये केंब्रिजला वनस्पतींमधील सायटोक्रोम-सी वरील कामासाठी त्यांना पीएच.डी. मिळाली. अट अन्यायाची होती यात शंका नाही, पण ती मोडून निघाली ती प्रयोगशाळेतल्या कामामुळेच.

पैशासंबंधी एवढेच जोडतो की नेटखेरीज राज्य सरकारच्या बार्टी, सारथी आणि महाज्योती या संस्थांच्याही पीएच.डी. अधिछात्रवृत्त्या आहेत. त्या त्या प्रवर्गातील विद्यार्थ्यांनी त्यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवावे, आणि पीएच.डी.ची नोंदणी झाल्याचे पत्र जपून ठेवावे, कारण अर्जात सर्वांत आधी तेच लागते.

गवतफूल

परदेशाबद्दल विचारले आहे म्हणून लिहिते. मी मूळची गडहिंग्लजची, सध्या युरोपात पोस्टडॉक (पीएच.डी.नंतरचे संशोधन) करते आणि त्याआधीची पीएच.डी. अमेरिकेत झाली.

अमेरिकेत रेण्वीय व पेशी जीवशास्त्राच्या पीएच.डी.ला विद्यार्थी मार्गदर्शकाकडे नव्हे तर विभागाकडे अर्ज करतो. पहिल्या वर्षी आठ-दहा आठवड्यांच्या पाळ्यांनी दोन-तीन प्रयोगशाळांत काम करायचे, त्याला रोटेशन म्हणतात, आणि मग दोन्ही बाजूंच्या संमतीने प्रयोगशाळा ठरते. दुसऱ्या वर्षाच्या सुमारास पात्रता परीक्षा असते. तीत आपल्या संशोधनाचा आराखडा समितीसमोर मांडून त्याचे समर्थन करावे लागते. शिक्षणशुल्क माफ असते आणि दरमहा विद्यावेतन मिळते, म्हणजे वडिलांना कर्ज काढावे लागत नाही. ही गोष्ट आपल्याकडे अनेकांना ठाऊक नसते, कारण त्यांच्या डोळ्यांपुढे एम.एस.ला जाणारी अभियांत्रिकीची मुले असतात. जीवशास्त्राच्या बऱ्याच विभागांनी आता जीआरई या प्रवेशपरीक्षेची अटही काढून टाकली आहे.

मग निवड कशावर होते? तीन शिफारसपत्रे आणि संशोधनाचा अनुभव मांडणारे निवेदन. शिफारसपत्रात ‘विद्यार्थिनी वर्गात पहिली आली, वागणूक उत्तम आहे’ असे लिहिलेले असेल तर त्याचा उपयोग शून्य. ‘हिने अमुक प्रयोग उभा केला, तो तीनदा फसल्यावर कारण शोधून काढले’ असे ज्याला लिहिता येईल अशा माणसाजवळ वर्षभर काम केलेले असावे लागते. त्यामुळे मूळ प्रश्नावर माझेही उत्तर प्रयोगशाळा हेच आहे. एक सावधगिरीची सूचना मात्र देते. 2025 मध्ये तिथल्या केंद्र सरकारच्या संशोधन-निधीबाबत अनिश्चितता निर्माण झाल्यावर काही विद्यापीठांनी जीवशास्त्रातील पीएच.डी.च्या जागा कमी केल्या आणि काही ठिकाणी दिलेले प्रवेशही मागे घेतले गेले. केवळ त्या एका देशावर भिस्त ठेवू नये.

युरोपातील पद्धत वेगळी आहे. तिथे बहुतेक ठिकाणी एम.एस्सी. झालेली असावी लागते, पीएच.डी. साधारण तीन-चार वर्षांची असते आणि जर्मनीत विद्यार्थ्याला बहुधा नोकरीचा करार मिळतो. माक्स प्लांक संस्थांच्या आंतरराष्ट्रीय संशोधन-शाळांकडे थेट अर्ज करता येतो. काळ कमी असल्यामुळे आलेल्या दिवसापासून हात चालणे अपेक्षित असते. ‘मला शिकवा’ म्हणायला फारशी सवड मिळत नाही.

करवीरकर

दोघांचेही मुद्दे वाचले. मुलाखतीबद्दलचे म्हणणे मान्य आहे. परंतु आपण सगळे चांगली प्रयोगशाळा मिळेल असे गृहीत धरून बोलत आहोत. प्रत्यक्षात प्रकल्प साहाय्यकाला वर्षभर काचसामान धुणे, खरेदीची बिले फिरवणे आणि साहेबांच्या प्रकल्पाचे अहवाल टंकलिखित करणे एवढेच करायला लावणारी ठिकाणेही आहेत. नेट-गेट नसलेल्यांना मानधनही कमी. अशा ठिकाणी वर्ष गेले तर परीक्षाही हातची गेली आणि हातही कच्चे राहिले.

अबोली_कोल्हापूर

सर्वांचे मनापासून आभार. बाबांना धागा वाचून दाखवला. शाहूपुरीकर काका, आपले प्रश्न खरोखर त्यांचेच होते.

करवीरकर सरांनी उपस्थित केलेला मुद्दा माझ्यापुढे प्रत्यक्षच आहे. मला दोन ठिकाणी विचारणा झाली आहे. एक पुण्यातील मोठी प्रयोगशाळा. तिथे माझे काम मुख्यतः इतरांसाठी प्लाझ्मिड (जनुके पेशीत घालण्यासाठी वापरतात ती डीएनएची वर्तुळे) तयार करणे आणि साठा सांभाळणे हे असेल. दुसरी इथली लहान प्रयोगशाळा. तिथे पेशी-संवर्धनाचे काम पूर्णतः माझ्याकडे असेल आणि एक लहानसा प्रश्न स्वतंत्रपणे हाताळायला मिळेल, पण तिथे कॉन्फोकल सूक्ष्मदर्शक नाही आणि संस्थेच्या नावाचा दबदबाही नाही. मुलाखत घेणारे नाव पाहतात का?

सूक्ष्मदर्शी

नाव पाहतात. ते साधारण पहिल्या दोन मिनिटांपुरते. त्यानंतर प्रश्न कामावरच येतात, म्हणून मी इथली प्रयोगशाळा निवडेन. फक्त तिथे पेशींची निगा नीट राखली जाते का, ते आधी पाहून घ्यावे, कारण लहान ठिकाणी गडबड होते ती तिथेच.

पेशी-संवर्धन म्हणजे काय, हे शाहूपुरीकरांसारख्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. पेशी फ्लास्कच्या तळाशी चिकटून वाढतात. तळ भरत आला की ट्रिप्सिनने त्या सोडवायच्या, त्यांतला थोडा भाग नव्या फ्लास्कमध्ये घालायचा आणि पुन्हा 37 अंश सेल्सिअस तापमान व 5 टक्के कार्बन डाय-ऑक्साइड असलेल्या इन्क्युबेटरमध्ये ठेवायचा. विरजण मागे ठेवून दही लावत राहावे तसे. माध्यमात फिनॉल रेड हा दर्शक असतो. पेशी वाढून आम्लता वाढली की माध्यम लालचे पिवळे होते, आणि कार्बन डाय-ऑक्साइडचा सिलिंडर रात्रीत संपला तर सकाळी ते जांभळट गुलाबी झालेले दिसते. लॅमिनारखाली (जंतुविरहित हवेच्या कपाटापुढे) बसण्याआधी 70 टक्के अल्कोहोलने हात आणि बाटल्या पुसणे, प्रत्येक फ्लास्कवर तारीख व पॅसेजचा (पेशी कितव्यांदा नव्या फ्लास्कमध्ये घातल्या त्याचा) क्रमांक लिहिणे, माध्यमाची बाटली दोन जणांत न वापरणे ही शिस्त पहिल्या महिन्यात लागली तर लागते, एरवी लागत नाही.

आपल्याकडे जून ते सप्टेंबर ही खरी परीक्षा. कोल्हापूरच्या पावसात भिंतींना ओल धरते, वातानुकूलन यंत्राच्या जाळीत बुरशी बसते आणि मग एके सकाळी फ्लास्कमध्ये कापसासारखे तंतू तरंगताना दिसतात. बुरशी निदान दिसते तरी, म्हणून फ्लास्क टाकून देऊन मोकळे होता येते. मायकोप्लाझ्मा हा सूक्ष्म जीवाणू मात्र दिसत नाही. त्याला पेशीभित्तिका नसते, त्यामुळे माध्यमातले पेनिसिलिन त्याचे काही बिघडवत नाही. आकाराने तो इतका लहान आणि लवचीक असतो की 0.22 मायक्रॉनच्या गाळणीतूनही निसटू शकतो. माध्यम गढूळही होत नाही. पेशी जगतात, वाढतात आणि त्यांची जनुकीय अभिव्यक्ती व चयापचय मात्र बदललेला असतो. अशा पेशींवर केलेले संदेशवहनाचे प्रयोग कितीही देखणे दिसले तरी त्यांवर विसंबता येत नाही. तपासणी अवघड नाही. पीसीआर करावा किंवा डीएनए रंगवणारे रंजक वापरून केंद्रकाबाहेर ठिपके दिसतात का ते पाहावे.

तेव्हा त्या प्रयोगशाळेत गेल्यावर मानधनाच्या आधी दोन प्रश्न विचारा. मायकोप्लाझ्माची तपासणी शेवटची केव्हा झाली, आणि पेशी कोठून आणल्या? पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात पेशींचे राष्ट्रीय भांडार आहे. तिथून रीतसर मागवलेल्या असतील तर उत्तम. ‘शेजारच्या विभागातून घेतल्या’ असे उत्तर आले तर सावध व्हावे. 1966 मध्ये स्टॅन्ली गार्टलर यांनी दाखवून दिले की निरनिराळ्या ऊतींच्या म्हणून वापरल्या जाणाऱ्या अनेक पेशीवंशांत प्रत्यक्षात हेला (गर्भाशयमुखाच्या कर्करोगातून आलेल्या, झपाट्याने वाढणाऱ्या) पेशीच माजल्या होत्या. त्याला इतकी वर्षे झाली तरी चुकीच्या पेशींवर निबंध येतच असतात.

कॉन्फोकल नसल्याची चिंता करू नये. उपकरण दुसऱ्या संस्थेत वेळ घेऊन वापरता येते.

नदीकाठ

थोडी स्थानिक भर घालतो. 1962 मध्ये शिवाजी विद्यापीठ सुरू झाल्यापासून इथल्या जीवशास्त्राचा ओढा स्वाभाविकपणे परिसराकडे राहिला: सह्याद्रीतील वनस्पती, ऊस आणि इचलकरंजीच्या कापडउद्योगातील रंगांचे विघटन करणारे जीवाणू व बुरशी. सस्तन प्राण्यांच्या पेशींवरचे काम त्या मानाने अलीकडचे आहे. म्हणून पेशी जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याला इथे ज्येष्ठांची मोठी साखळी मिळत नाही, आणि मार्गदर्शक निवडताना चौकशी स्वतःच करावी लागते. शोधगंगा या संकेतस्थळावर देशभरातील प्रबंध खुले आहेत. ज्यांच्याकडे जायचे त्यांच्या आधीच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध उघडावेत आणि विद्यार्थ्याने एकच प्रश्न तडीस नेला आहे की चार सुटी प्रकरणे शिवून प्रबंध उभा केला आहे, ते पाहावे. अर्ध्या तासात बरेच कळते. शिवाय तिथल्या सध्याच्या विद्यार्थ्यांशी प्रयोगशाळेबाहेर, चहाच्या टपरीवर बोलावे.

गवतफूल

तेच लिहायला आले होते. शिवाय आठवड्याच्या लॅब मीटिंगला एकदा बसू द्याल का, असे विचारावे. तिथे विद्यार्थी मार्गदर्शकाच्या म्हणण्याला विरोध करू शकतात का, हे मला कोणत्याही उपकरणापेक्षा महत्त्वाचे वाटते. ज्या ठिकाणी फसलेला निकाल सांगायला मुले घाबरतात, तिथे फसलेले निकाल हळूहळू ‘दुरुस्त’ होऊ लागतात.

करवीरकर

इथली प्रयोगशाळा असेल तर माझा विरोध बराच मावळतो, कारण घर इथेच, खोलीभाडे नाही आणि जाण्या-येण्यात वेळ जात नाही. परीक्षेचे मात्र मी सोडणार नाही. अबोली, सकाळचे दोन तास अभ्यासाचे ठेवा. प्रयोगशाळेतून आल्यावर अभ्यास होत नाही, हा सार्वत्रिक अनुभव आहे. तेरा घटक सारखे पक्के करण्याच्या फंदात पडू नका. आपले जीवरसायन, पेशीरचना, मूलभूत प्रक्रिया, पेशीसंवाद, आनुवंशिकी आणि संशोधनपद्धती हे सहा घटक क भागाच्या पातळीपर्यंत न्या. बाकीचे ब भागापुरते करा. गेटचा अर्जही भरा. त्यात जीवविज्ञानाच्या पेपरला रसायनशास्त्र अनिवार्य असते, आणि ते जीवरसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला इतरांपेक्षा सोपे जाते. शिवाय गुणांक तीन वर्षे चालतो.

अबोली_कोल्हापूर

बाबा तयार झाले आहेत, मात्र डिसेंबरच्या नेटला बसायचे या अटीवर. पुढच्या आठवड्यात इथल्या प्रयोगशाळेत जाऊन पेशींबद्दलचे दोन्ही प्रश्न विचारणार आहे आणि लॅब मीटिंगला बसण्याची परवानगीही मागणार आहे. करवीरकर सर, क भागाच्या जुन्या प्रश्नपत्रिका आपण स्पष्टीकरणासह कोठून सोडवल्या होत्या?

करवीरकर

प्रश्नपत्रिका आणि उत्तरसूची अधिकृत संकेतस्थळावर मिळतात. स्पष्टीकरणे आम्ही मित्रांनी मिळून वह्यांत लिहिली होती. त्या वह्या अजून माझ्याजवळ आहेत. शनिवारी सकाळी विद्यापीठाच्या खर्डेकर ग्रंथालयात असतो, तिथे येऊन छायाप्रती काढून घ्याव्यात. वनस्पतींच्या शरीरक्रियेची वही तेवढी कोणीतरी नेली आहे. हा धागा वाचत असेल तर त्याने ती परत आणून द्यावी.